घरचं आणि गावचं

६ एप्रिल, रविवार

दुपारी बेल वाजली. दारात पंचविशीतली एक मुलगी उभी, हातात मोठं टरबूज. म्हणाली, "मॅडम, मी पूर्वी. राहनाळच्या हितेश म्हात्रेंची मुलगी."

मी तिला आत घ्यायचंच विसरले. आतून आईचा आवाज आला, "अगं, बसव तिला, उभी काय ठेवलीस?"

हितेशला दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. हात थोडा परतला, बोलणं फारसं नाही. मला कोणी सांगितलंच नाही. सांगणार तरी कोण आणि कशाला? धामणकर नाक्यावरून राहनाळ रिक्षाने वीस मिनिटं, आणि आम्ही भेटलो ते गेल्या पंचवीस वर्षांत लग्नाकार्यात, ओझरते.

पूर्वीचं माझ्याकडे काम होतं ते असं. हितेशने इतकी वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर आपल्या खाडीचा प्रोग्रॅम केला. वसईच्या मुखापासून आत कल्याणपर्यंत भरतीचं पाणी कुठे किती चढेल, कुठल्या गावचा बांध धोक्यात येईल, ते तो सांगतो. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी होडी घेऊन हितेशने स्वतः खाडीची खोली मोजली. पूर्वी ठाण्याच्या एका कॉलेजात काम करते. तिथला गट खाडीकाठच्या गावांना भरतीचा इशारा देणार आहे. त्यांच्याकडे आता भरपूर प्रोसेसर असलेली मशीन आलीय. त्यावर हा प्रोग्रॅम चालतो, पण उत्तर चुकीचं देतो. मेअखेर जमलं नाही तर तयार सॉफ्टवेअर घेणार. त्या सॉफ्टवेअरला आमच्याकडचे बांध आणि बांधातून पाणी सोडायच्या उघाड्या माहीतसुद्धा नाहीत.

"तुमच्या गटात कोणी बघितलं नाही?" मी विचारलं.

"बघितलं ना. पण तो शिवारमध्ये लिहिलाय. ती भाषा जगात दोघांनाच येते. एक बोलू शकत नाही."

शिवार! हे नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं. पेपर तपासायचे आहेत, वेळ नाही, असं मी सांगितलं. मग ती चपला घालत असताना म्हणाले, पुढच्या रविवारी येते.

टरबूज लालबुंद निघालं.

८ एप्रिल

दोन दिवस डोक्यात पुणंच आहे. आम्ही दोघं नोकरीला होतो त्या संस्थेतली मशीनची खोली इतकी गार असायची की भर मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून बसायचो आणि बाहेर आलो की चहाच्या टपरीवरचा माणूस हसायचा. अख्ख्या संस्थेत भिवंडीचे आम्ही दोघंच. दर शनिवारी एकाच एसटीने घरी यायचो. मी कल्याण नाक्याला उतरायचे, तो पुढे जायचा.

तेव्हा आम्हाला वाटायचं की आपण बनवतोय ती भाषा जग वापरणार. एकच प्रोग्रॅम अनेक प्रोसेसवर, म्हणजे एकाच वेळी राबणाऱ्या अनेक कामकऱ्यांवर, वाटून चालवायचा, तर कुठलं व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचा डबा, कुणाकडे ठेवायचं, हा सगळ्यात मोठा प्रश्न. हितेशने दोन शब्द सुचवले. 'घरचं' म्हणजे प्रत्येक प्रोसेसची आपापली वेगळी प्रत. नाव एकच, पण माझ्या घरातल्या डब्यात काय आहे ते शेजारच्याला दिसत नाही. 'गावचं' म्हणजे सगळ्यांचं मिळून एकच, कुणीही बघावं, कुणीही बदलावं. मोठा आकड्यांचा संच असेल तर त्याची पट्ट्यापट्ट्यांनी वाटणी करायची. एकेक पट्टी एकेकाच्या ताब्यात, तरी मालकी गावची. वडिलांच्या शेताच्या पट्ट्या तो कागदावर काढून दाखवायचा. साहेब इंग्रजीत नावं द्या म्हणाले. हितेश ऐकेना.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. व्हेरिएबलच्या आधी काहीच लिहिलं नाही, तर ते कुठलं धरायचं? तो म्हणे, गावचं. "न सांगता सगळ्यांचं असतं ते चांगलं. लपवायचं असेल त्याने तसं लिहावं." मी म्हटलं, अजिबात नाही, न सांगता ज्याचं त्याच्या घरी राहावं, सगळ्यांना द्यायचं असेल तर तोंड उघडून सांगावं. आठवडाभर वाद चालला. शेवटी माझं राहिलं. सुरक्षित तेच होतं, आजही मी विद्यार्थ्यांना तेच शिकवते.

१३ एप्रिल, रविवार

राहनाळला उतरले आणि रस्ताच कळेना. भातशेती होती तिथे गोडाऊन, गोडाऊनपुढे कंटेनरची रांग, आणि मध्येच म्हात्रेंचं घर, अंगणात शेवग्याचं झाड आणि होडी उलटी घालून ठेवलेली.

हितेशची बायको विनिता दारातच होती. "या ताई, केव्हाची वाट बघतोय." हितेश खुर्चीत बसला होता. केस पांढरे झालेत, पण दाट आहेत. मला बघितलं आणि डावा हात वर केला, मग तोंड हलवत राहिला. शब्द येईना. मी उगाच म्हटलं, "असू दे, असू दे." ते म्हणायला नको होतं. वर्गातल्या अडखळणाऱ्या मुलाला म्हणावं तसं झालं.

पुण्यात तो माझ्यापेक्षा शुद्ध बोलायचा, इंग्रजी तर फाडफाड. ते सगळं गेलंय आणि खालून लहानपणीची बोली वर आलीय. हाय, न्हाय, पानी, होरी. विनिता म्हणाली की महिनाभर तेवढंही नव्हतं, भिंतीकडे तोंड करून पडायचे, व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाही परत पाठवायचे.

पूर्वीने लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालवून दाखवला. सगळ्या खाडीत पाणी बांधाच्या माथ्याच्या सर्वांत जवळ कुठे येतं, एवढंच तो शेवटी छापतो. उत्तर आलं वसईजवळचं एक गाव. हितेशने मान हलवली.

"न्हाय."

"मग कुठे?"

त्याने डोळे मिटले. कपाळाची शीर तटतटली. "क... कशेली."

कशेळी त्याचं आजोळ. मला वाटलं, आजारी माणसाला लहानपण आठवतंय. मी पूर्वीकडे बघितलं, पण तिला तेवढ्यात फोन आला आणि ती बाहेर गेली ती तासभर आलीच नाही. विनिताही चहा ठेवून शेजारी निघून गेली. जिला काम हवंय तीच जागेवर नाही! आम्ही दोघं कोड वाचत बसलो. तो डाव्या बोटाने पुढचं पान करायची खूण करायचा. त्याची लिहायची पद्धत तीच, उघडणारा कंस खालच्या ओळीत टाकायची. त्यावरून मी पुण्यात रागवायचे. आज तशीच पुढे वाचत गेले.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी आईला विहारात नेऊन आणलं. ती थकली, पण मिरवणूक गॅलरीतून बघायचीच म्हणाली. खाली आमच्या गल्लीत एके काळी लूमची एवढी खडखड असायची की ढोल ऐकू यायला मिरवणूक दारात यावी लागे. आता त्या शेडमध्ये मोबाइलची दुकानं. ढोल नाक्यापासून ऐकू आले.

२० एप्रिल, रविवार

सापडलं. इतकं साधं की आधी विश्वास बसेना.

पाण्याची उंची ठेवणारा मोठा संच हितेशने 'गावचा' लिहिलाय, पट्ट्यांची वाटणीही नीट आहे. मुखाकडची पट्टी पहिल्या प्रोसेसकडे, कशेळी मधल्या एकीकडे, कल्याण शेवटच्या प्रोसेसकडे. पण धोका सर्वांत जास्त कुठे, ते ज्या व्हेरिएबलमध्ये साठतं त्याच्या आधी काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे ते घरचं झालं. प्रत्येक प्रोसेसने आपापल्या पट्टीतला सर्वांत मोठा धोका शोधला, आपल्याच डब्यात ठेवला आणि गप्प बसली. छापायचं काम पहिल्या प्रोसेसचं. तिने आपला डबा उघडला आणि वसई सांगितली. कशेळीचं उत्तर बरोबर निघालेलं होतं, पण ते जिच्याकडे होतं तिला कुणी विचारलंच नाही.

हितेशच्या घरच्या कॉम्प्युटरवर एकच प्रोसेस चालायची. एकट्याच्या घरात घरचं काय आणि गावचं काय, सारखंच. म्हणून इतकी वर्षं उत्तर बरोबर आलं.

मी त्याला दाखवलं. "आधी शब्द लिहायचा विसरलास. तेव्हाही विसरायचास."

तो हसायला लागला. एका बाजूनेच हसतो आता. मग माझ्याकडे बोट केलं, परत स्क्रीनकडे, परत माझ्याकडे. त्याच्या मनासारखा नियम झाला असता तर न लिहिताही ते गावचं झालं असतं, असं म्हणायचं असावं. मी म्हटलं, "हो, पण नियम माझा आहे." आणि शब्द टाकला. कशेळी आलं. पूर्वीने टाळी वाजवली.

निघताना विनिता म्हणाली, "ताई, पुढच्या रविवारी थोडं लवकर या. हे सकाळपासून पायरीवर जाऊन बसतात."

घरात उकडत असेल. पत्र्याच्या गोडाऊनमुळे त्या भागात उष्मा फार आहे.

२१ एप्रिल

पूर्वीचा फोन. एकदा कशेळी, एकदा काल्हेर, मग पुन्हा वसई. प्रोग्रॅम तोच, आकडे तेच, दर वेळी उत्तर वेगळं.

मला मधल्या सुट्टीतच कळलं आणि कानशिलं तापली. आता ते व्हेरिएबल सगळ्यांचं एकच झालंय. मग सगळ्या प्रोसेस एकाच वेळी तिथे धावतात. एकीने बघितलं, माझा आकडा मोठा आहे, लिहिते. ती लिहीपर्यंत दुसरीने त्याहून मोठा लिहून ठेवला. पहिलीने येऊन तो पुसला. शेवटी जिचा हात लागेल तिचं खरं. पुण्यात मी याच भीतीपोटी भांडले होते, आणि काल टाळ्यांच्या नादात तेच करून आले.

संध्याकाळी आईला म्हटलं, पुढच्या रविवारीही राहनाळला जावं लागणार. ती गवार मोडत होती.

"हा तोच ना, पुण्याचा? तुझे बाबा आजारी पडले आणि तू नोकरी सोडून आलीस, तेव्हा आला होता."

"हो. माझी फ्लॉपी राहिली होती, ती द्यायला."

"दोन तास बसला. पाणी तीनदा मागितलं. तुझे बाबा म्हणाले, दामू म्हणतात मला, बोल बाबा काय ते. तर म्हणे, काही नाही, येतो."

"लाजाळू होता तो."

"फ्लॉपी द्यायला माणूस इस्त्रीचा नवा शर्ट घालून येतो होय?" असं म्हणून ती गवारीची ताटली घेऊन आत गेली.

आईच्या डोक्यात आता जुन्या गोष्टी एकात एक मिसळायला लागल्यात.

२७ एप्रिल, रविवार

लवकर गेले. हितेश खरंच पायरीवर होता, दाढी करून.

घोटाळा त्याला समजावला. लगेच कळला, डोळ्यांतच दिसलं. मी म्हटलं, एकेकीला रांगेत उभं करू, एकीचं लिहून झालं की दुसरी. त्याने तोंड वाकडं केलं. बरोबर आहे, सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या तर एवढी मोठी मशीन घेऊन उपयोग काय?

मग त्याने डाव्या हाताची बोटं पसरली. एकेक बोट मुडपून छातीशी नेलं. "आपलं... आपलं..."

"आपापल्या घरी ठेवायचं? ते तर आधी होतंच."

"न्हाय. मंग..." पुढे शब्द अडकला. त्याने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. पूर्वी पुढे येऊ लागली तशी विनिताने तिला मागे ओढलं. मीही या वेळी 'असू दे' म्हटलं नाही. रस्त्यावर एक ट्रेलर मागे घेत होते, त्याची टूंटूं चालली होती. ती थांबली, आणि हितेश म्हणाला, "चावडी."

चावडी! आम्हीच लिहिलं होतं ते. शिवारमधली शेवटची भर, माझ्या शेवटच्या महिन्यातली. प्रत्येकीने आपलं आपल्या घरी मोजायचं, कुणी कुणाच्या पायात यायचं नाही. सगळ्यांचं संपलं की चावडीवर जमायचं, दोघीदोघींनी आकडे पडताळत यायचं, आणि सर्वांत मोठा तोच गावाचा. मी कॉलेजात हीच गोष्ट इंग्रजी नावाने पंधरा बॅचना शिकवली आणि आमचं नाव पार विसरले.

दोन ओळींचं काम. दहादा चालवलं, दहाही वेळा कशेळी.

विनिता आत निघून गेली. डोळे पुसत होती असं पूर्वी म्हणाली. एवढ्याशा दुरुस्तीला काय झालं रडायला? पण नंतर लक्षात आलं, चावडी हा शब्द त्यांच्या घरात आजारपणानंतर कुणी त्याला शिकवलेला नव्हता. तो त्याचा त्याने आणला.

४ मे, रविवार

पूर्वीच्या गटातल्या सरांनी मागच्या वर्षीच्या मोजमापांशी ताडून बघितलं. प्रोग्रॅम घेणार म्हणाले. पेढे आणले होते.

पूर्वीबरोबर काम करणारा भाविक नावाचा मुलगाही आला होता. सरळ मुलगा. बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, चूक कुठे आहे ते आम्हाला मार्चमध्येच दिसलं होतं, पण पूर्वी म्हणाली..." पूर्वीने पटकन त्याच्या तोंडात पेढा भरवला. चूक दिसली असेल, पण शिवारमध्ये दुरुस्ती करणं या मुलांना जमलं नसणार. या पिढीला भाषेच्या पोटात शिरायची सवय नाही.

हितेशने मला गेटपर्यंत सोडलं. काठी टेकत, हळूहळू. रिक्षा मिळेपर्यंत उभा राहिला.

८ मे

काम संपलं. या रविवारी राहनाळला जायचं कारण नाही.

कॉलेजलाही सुट्टी लागलीय. कपाट आवरलं, पुण्याचा स्वेटर निघाला. कोपरावर विरलाय. या हवेत तो कशाला जपून ठेवला कोण जाणे. टाकायला काढला आणि परत ठेवला. पंखा कमी करून घालून बघितला, गरमीने जीव गेला. आई म्हणाली, "बरं वाटत नाही का?"

मन लागत नाही एवढं खरं. काहीतरी नवीन शिकायला घ्यावं.

१३ मे, मंगळवार

काल बुद्धपौर्णिमा, आज मोठं उधाण. सकाळी पूर्वीचा फोन: "मावशी, बाबा ऐकत नाहीत. प्रोग्रॅमने सांगितलंय ते डोळ्यांनी बघायचंय. गाडी पाठवू?" ती मला मावशी म्हणाली.

आम्ही चौघं कशेळीच्या बांधावर गेलो. पुलावर ट्रकची रांग, हॉर्न, धूळ, आणि खाली खाडी इतकी शांत की तिला त्याचं काही नाही. हितेशच्या मामांचं घर होतं तिथे आता गोडाऊनची मागची भिंत आहे. बांधाची पायरी मात्र जुनीच. प्रोग्रॅमच्या हिशेबाने भर भरतीला पाणी जिथे यायला हवं, तिथे पूर्वीने खडूने रेघ मारली. खुर्ची मांडली, पण हितेश बसेना.

दीडच्या सुमाराला पाणी रेघेला लागलं. पूर्वी ओरडली, "बाबा, बरोब्बर!" मी त्याचा हात धरला होता, कारण पायरी ओली होती. आम्ही बघत राहिलो आणि पाणी थांबलंच नाही. खडू विरघळला. रेघेच्या वर चांगलं वीतभर चढून मग ते स्थिरावलं.

मला वाईट वाटलं. इतक्या दिवसांची मेहनत! पूर्वी घाईघाईने म्हणाली, "एवढा फरक चालतो बाबा, सर तर याला उत्तम म्हणतील."

"न्हाय," हितेश म्हणाला. त्याने काठी उचलली आणि पलीकडच्या काठाकडे रोखली. तिथे नव्या गोडाऊनसाठी खाडीत माती टाकून जमीन पुढे आणलीय, डंपर उभे होते. "भरनी. खारी... बारकी झाली. परत मोजाची." सलग एवढं बोलला. मग माझ्याकडे बघून, "होरी हाय. तू येशील?"

खाडी अरुंद झाली, तळ बदलला, त्याने घेतलेली खोलीची मोजमापं जुनी झाली. सगळी परत घ्यायची, मुखापासून कल्याणपर्यंत. होडी वल्हवायला माणूस लागेल, लिहून घ्यायला मी. पावसाळ्याआधी निम्मीही होणार नाही. पुढची काही वर्षं तरी यात जातील.

मी म्हटलं, "येईन." विनिता म्हणाली, "टोपी घालून या ताई, खाडीवर ऊन फार लागतं. जेवणाचा डबा मी देत जाईन तिघांचा."

घरी आले तेव्हा आई दारातच बसली होती. माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाली, "काय झालं गं?"

"काही नाही. प्रोग्रॅम चुकला."

"मग हसतेस कशाला?"